पाच नंबरची टाच

दवाखान्यात त्यांना सगळे नाकवाले म्हणत. खरं तर ते कानही करत, डोळ्याची रिकामी खोबण झाकणारे तुकडेही करत, एकदा तर त्यांनी एका माणसाचा अर्धा गाल केला होता. पण लोकांना जे आधी दिसतं त्यावरून नाव पडतं, तसं त्यांचं पडलं. दंतविभागाच्या मागे, जिन्याच्या वळणावर त्यांची खोली होती. खोली लहान आणि खिडकी मोठी, कारण कातडीचा रंग दिव्याखाली जुळत नाही. खिडकीखालच्या टेबलावर मेणाच्या वड्या, कोरण्या, रबराच्या वाट्या, फळीवर छोट्या बाटल्यांतून रंग, आणि एका डबीत केसासारखे बारीक लाल धागे. ते धागे सिलिकॉनच्या थरात पसरले की नाकपुडीवर खऱ्या शिरा असाव्यात असं वाटतं.

"नाक काय, कोणीही करेल," ते म्हणत. "नाकावरचं वय करायला हात लागतो."

त्यांच्याकडे येणारे बहुतेक त्वचेच्या कॅन्सरचे असत. जन्म उन्हात काढलेली माणसं : रंगारी, होडीवाले, रस्त्याच्या कामावरचे, बसचे कंडक्टर. सर्जन नाक किंवा कान काढून टाकी, जखम भरे, आणि काही महिन्यांनी माणूस तोंडाला रुमाल लावून जिन्याचं वळण चढून येई. नाकवाले त्याला खिडकीशी बसवत, रुमाल स्वतः बाजूला करत आणि पहिलं वाक्य नेहमी एकच बोलत, "कपाळ छान आहे तुमचं, रंग जुळायला सोपा जाईल."

सिलिकॉनचा रंग दोनेक वर्षांत उडतो, कडा फाटतात. त्यामुळे एकदा आलेला माणूस पुन्हा येई, आणि प्रत्येक वेळी नाक थोडं म्हातारं करावं लागे. एक निवृत्त कंडक्टर चौथ्यांदा आला होता. "घरात सगळ्यांत तरुण माझं नाक," तो म्हणे. "बायको म्हणते, आता तरी लोकांच्या भानगडीत नाक खुपसू नका, दुसरं मिळायला महिना लागतो."

इतकी वर्षं हीच माणसं पाहिल्यामुळे नाकवाल्यांचं या आजाराबद्दल एक मत झालं होतं. त्यांच्या लेखी त्याच्या दोन जाती होत्या. एक मोती आणि दुसरी खपली. मोती म्हणजे नाकाच्या कडेला येणारा चकचकीत, मोत्यासारखा उंचवटा. तो वर्षानुवर्षं हळूहळू पोखरत जाई. खपली कानाच्या पाळीवर किंवा ओठावर येई. ती खरखरीत असे, भरून न येणारी. मोती फार, खपली त्याहून कमी. डॉक्टर त्यांना बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल म्हणत, ते त्यांना ठाऊक होतं, पण मोती आणि खपली हे पेशंटला लगेच कळे. तिसरी एक जात असते, मेलानोमा, असंही त्यांनी ऐकलं होतं. ती कधी जिना चढून आली नव्हती.

"घाबरू नका," ते नव्या माणसाला सांगत. "हा नावापुरताच कॅन्सर. हा नाक नेतो, माणूस नेत नाही. माझ्याकडे आलेला एकही अजून यानं गेलेला नाही."

हे खोटं नव्हतं. ऐकणाऱ्याचा चेहरा सैल पडे. पुढे पुढे वॉर्डातल्या नर्स ऑपरेशनला घाबरलेल्या माणसाला आधी त्यांच्या खोलीत पाठवू लागल्या.

त्यांची बायको चपलाबुटांच्या दुकानात कामाला होती. लग्नानंतर लवकरच लागली होती, आणि आता मालक बदलले तरी ती होती. बुटक्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायचा, अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून पाहायचं. पायावर नजर टाकली की तिला नंबर कळे. दुकानात तिला मोठ्या बाई म्हणत. जेवताना दोघं आपापल्या दिवसाचं सांगत, आणि तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "तुमच्याकडे वरचं टोक, माझ्याकडे खालचं. मधल्या माणसाशी आपला संबंध नाही."

एका रविवारी ती मोरीच्या उंबऱ्यावर बसून टाच घासत होती.

"अहो, हे बघा जरा."

नाकवाल्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. टाचेच्या आतल्या कडेला एक काळपट डाग होता, मसुराच्या दाण्याएवढा.

"बूट चावला असेल."

"मला? मला बूट चावेल? गावाला मापं देण्यात जन्म गेला माझा."

"मग रक्त साकळलं असेल. दिवसभर त्या स्टुलावर पाय दुमडून बसतेस."

"दुखत तर नाही." तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं, बुटाचं टोक दाबावं तसं. "तुमच्याकडे येतात, तसलं काही नसेल ना?"

नाकवाले हसले. "अगं, तुझ्या टाचेनं ऊन पाहिलंय का कधी? तसलं तोंडावर येतं. आणि काळं कुठे असतं ते?"

"नाही, आपलं विचारलं."

तिनं पाय पुसला, मोजा चढवला. त्यानंतर दोन वर्षं तो विषय निघाला नाही. निघण्यासारखं काही नव्हतंच. तिनं या विषयातल्या घरच्याच माणसाला विचारलं होतं आणि तिला उत्तर मिळालं होतं.

त्वचाविभागात नवी डॉक्टरीणबाई आली ती उंच, भराभर चालणारी, आणि वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करणारी. एक दिवस ती जिन्याच्या वळणावरच्या खोलीत आली आणि नाकांच्या फळीसमोर उभी राहिली.

"मला खालच्या दालनात दोन फलक लावायचेत. लोक तिकीट काढायला रांगेत उभे असतात ना, तिथे. चित्रं नकोत, चित्रं कोणी बघत नाही. हात लावता येईल असं हवं. तळहाताएवढे कातडीचे चौकोन. एका फलकावर शंभर. तुम्ही कराल?"

"शंभर कसले?"

"शंभर माणसांना त्वचेचा कॅन्सर झाला असं धरा. त्यांत कुठली जात किती, ते दिसलं पाहिजे."

नाकवाल्यांनी फळीकडे हात केला. "त्यात काय अवघड आहे? तीनचतुर्थांश मोती, बाकी खपली."

"जवळजवळ बरोबर," ती म्हणाली. "आपल्याकडच्या गोऱ्या कातडीच्या लोकांत असंच काहीसं असतं. पंच्याहत्तर-ऐंशी पहिली जात, पंधरा-वीस दुसरी. सावळ्या माणसांत आकडे बदलतात, एकूणच कमी होतो आणि दुसरी जात पुढे येते. बऱ्याच ठिकाणी तर पहिल्या जातीची नोंदच ठेवत नाहीत, इतकी ती असते आणि इतकी कमी माणसं तिनं मरतात. पण दोन-चार चौकोन तिसऱ्या जातीचे करा."

"शंभरांत दोन-चार? ते केले काय आणि न केले काय."

"आणि दुसरा फलक," ती म्हणाली, जणू तिनं ऐकलंच नव्हतं. "तोही शंभरांचा. पण हे शंभर झालेले नव्हेत, गेलेले. त्वचेच्या कॅन्सरनं गेलेले शंभर. त्यात निम्म्याहून जास्त तिसऱ्या जातीचे लागतील."

नाकवाले हातातली कोरणी पुसत राहिले. "माझ्याकडे तर त्यातला कोणी कधी आला नाही."

"तुमच्याकडे कसा येईल?" ती सहज म्हणाली. "तुमच्याकडे येतो तो वाचलेला."

ती बोलली ते टोचून नव्हे. टेबलावर फोटोंचं पाकीट ठेवून ती निघूनही गेली. नाकवाल्यांनी त्या दिवशी एक कान पूर्ण केला. कानाच्या मागची घडी फार चांगली उतरली. मग त्यांनी हात धुतले आणि पाकीट उघडलं.

पाठीवरचा एक डाग. पोटरीवरचा एक. नखाखालची काळी रेघ. चौथा फोटो टाचेचा होता. कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला तपकिरी, मधे निळसर झाक. फोटोच्या पाठीवर डॉक्टरीणबाईनं लिहिलं होतं : तळपाय, तळहात, नखाखाली, इथे उन्हाचा संबंध नसतो. सावळ्या माणसांत ही जात बहुधा इथेच सापडते.

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. रंग कुठले लागतील ते मनात येऊ लागलं : काळा, विटकरी, कणभर निळा. हाताला सवय होती, हात विचार करत होते.

घरी आले तेव्हा बायको बादलीत पाय सोडून बसली होती.

"पाय दे इकडे."

"काय?"

"पाय दे."

"अग बाई! लग्नाला चाळीस वर्षं झाली, आज पाय धरायची बुद्धी झाली?" ती हसत म्हणाली आणि ओला पाय त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "काही चुकलंय का तुमचं?"

डाग आता मसुराएवढा नव्हता. अंगठ्याखाली मावत नव्हता. त्यांनी पाय खिडकीकडे वळवला. उजेड अजून पुरेसा होता. काळा, विटकरी, कणभर निळा.

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं."

"उद्या कसं? नवा माल येणार आहे."

"माल येईल की."

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग टाचेकडे, आणि पाय हळूच काढून घेतला. बादलीतलं पाणी ओतून आली. त्यानंतर जेवताना ती नव्या मालाबद्दलच बोलली. लहान मुलांचे बूट फार कडक आलेत, म्हणाली. टाचा सोलतील पोरांच्या.

डॉक्टरीणबाईनं भिंग लावून डाग पाहिला. पहिल्यांदाच ती एकच वाक्य बोलून थांबली, "किती दिवसांपासून आहे?"

"दोन वर्षं होतील," बायको म्हणाली. "यांना दाखवला होता तेव्हाच."

ती तक्रार नव्हती. डॉक्टरांना सगळं नीट सांगावं, एवढ्याच हिशेबानं ती बोलली होती. डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं आणि पुन्हा चालू झालं. नाकवाले भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडे पाहत होते. त्यांना काही वाटत नव्हतं. जखम भरल्यावर नाकाच्या जागी बोट लावलं तर पेशंट म्हणतात ना, कळतं की हात लागलाय, पण लागत नाही, तसं.

तुकडा तपासायला गेला, उत्तर आलं. मेलानोमा. खोल गेलेला. जांघेतल्या गाठीतही होता. टाचेचा मोठा भाग काढायचा ठरला, गाठी काढायच्या ठरल्या. पुढचं पुढे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बायको जिन्याचं वळण चढून त्यांच्या खोलीत आली. इतक्या वर्षांत ती तिथे दोनदाच आली असेल. तिनं फळीवरची नाकं पाहिली.

"तो तुमचा फलक झाला का हो?"

"मोत्यांचे झाले. खपलीचेही झाले."

"आणि ते दोन-चार?"

"पाठीवरचे केले. सपाट असतात, साचा लागत नाही. टाच राहिलीय."

"मग माझीच घ्या की. आहे तोवर." तिनं चप्पल काढली. "उगाच दुसऱ्या कोणाचा पाय कशाला धरता?"

त्यांनी रबराच्या वाटीत दातांचं माप घ्यायची गुलाबी पूड पाण्यात कालवली. ती खुर्चीत बसली आणि ते स्टुलावर. पाय त्यांच्या मांडीवर होता. मिश्रण टाचेवर ओतलं तेव्हा तिनं अंग चोरलं.

"गार आहे."

"होईल घट्ट आता."

"पाच नंबर," ती म्हणाली. "चवडा रुंद. बाईमाणसाचा असा पाय असला की फार पंचाईत, सुंदर म्हणून काही बसत नाही त्यात. लिहून ठेवा हवं तर."

"लक्षात राहील."

साचा निघाला तो स्वच्छ. टाचेवरची प्रत्येक रेघ आली होती. डाग अर्थातच आला नव्हता. डाग सपाट होता आणि साच्याला रंग दिसत नाही.

ती वॉर्डात असताना त्यांनी दुसरा फलक केला. डॉक्टरीणबाई स्वतः खाली आली. "हे राहू दे. मी दुसऱ्या कोणाकडून करून घेते."

"साचा तयार आहे," ते म्हणाले.

त्या फलकावर तिसऱ्या जातीचे साठ चौकोन लागणार होते. पाठीचे आणि पोटरीचे सपाट तुकडे त्यांनी भराभर केले. टाचा सगळ्या एकाच साच्यातून निघाल्या. एकाच माणसाच्या दिसू नयेत म्हणून प्रत्येकीचा रंग वेगळा केला : एक गोरी, एक गव्हाळ, एक काळीसावळी. एकीला भेगा पाडल्या. एक पुरुषाची वाटावी म्हणून कडा जाड केल्या. मग प्रत्येकीवर डाग. दुपारी ते वर वॉर्डात जात, खुर्चीत बसत. बायको विचारी, "किती झाल्या?" ते सांगत. "आज जरा घाई दिसतेय," ती म्हणे, किंवा, "भेगा नका पाडू हो सगळ्यांना, मी काय रानोमाळ हिंडते?" मग ते खाली येऊन पुन्हा कामाला लागत. काम नेहमीसारखं होत होतं. किंबहुना हात कधी इतके चांगले चालले नव्हते.

जखम भरल्यावर टाचेत खळगा राहिला. त्यात बसेल असा सिलिकॉनचा तुकडा त्यांनी केला, बुटात घालायचा. तिनं तो बोटांनी चाचपून पाहिला आणि परत केला.

"कड पातळ करा. जाड कडेवर मोजा गोळा होतो, मग तोच चावतो."

त्यांनी कड पातळ केली. तिनं पुन्हा परत केला. तिसऱ्यांदा ती उठून घराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली आणि म्हणाली, "आता जमलं. इतकी वर्षं माझ्या दुकानात असतात तर माणसात आला असतात."

ती काही महिने दुकानात गेली. स्टुलावर बसणं जमेना म्हणून मालकानं तिला गल्ल्यावर बसवलं. तिथून ती पोरींना हाका मारी, "अगं, सहा नाही, साडेसहा दे त्यांना!" मग खोकला लागला. तो सर्दीचा नव्हता. फुफ्फुसाचा फोटो काढला आणि डॉक्टरीणबाईनं तो नाकवाल्यांना उजेडावर धरून दाखवला. त्यांनी मान हलवली. रंग नसलेलं काही बघायची त्यांना सवय नव्हती, पण ठिपके मोजण्यासारखे नव्हते एवढं कळलं.

शेवटी शेवटी ती फार बोलत नसे. एकदा मात्र म्हणाली, "तुम्ही तेव्हा हसलात ना, टाचेनं ऊन पाहिलंय का म्हणून. मलाही हसू आलं होतं."

"हो."

"मी दोन-चारांतली निघाले."

"हो."

"बघा म्हणजे."

ती गेल्यावर लोक येऊन गेले. कोणी म्हणालं, नशीब. कोणी म्हणालं, इतका दुर्मिळ आजार हिलाच व्हायचा होता. नाकवाले ऐकून घेत. दहाव्या दिवशी ते कामावर गेले, कारण एका रंगाऱ्याचं नाक अर्धवट राहिलं होतं आणि त्याच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं.

फलक खालच्या दालनात लागले आहेत. पहिल्या फलकाशी गर्दी असते. रांगेतली माणसं मोत्यांवरून बोट फिरवतात, मुलं नाकाच्या तुकड्यांना चिमटे काढतात, खालच्या ओळीतले रंग त्यामुळे आताच उडाले आहेत. दुसऱ्या फलकाला फारसं कोणी हात लावत नाही. नाकवाले पूर्वीही मागच्या जिन्यानं येत, आताही येतात.

मध्यंतरी तो कंडक्टर पाचव्या नाकासाठी आला. खिडकीशी बसला, रुमाल स्वतःच काढला.

"वहिनींचं कळलं. फार वाईट झालं." मग रुमालाची घडी घालत, "ते काळं वेगळंच असतं म्हणतात. आपलं बरं, नाकावर निभावलं. तुम्हीच सांगितलं होतं ना, हा माणूस नेत नाही?"

नाकवाल्यांनी रंगाच्या बाटल्या काढल्या, कपाळाशी एकेक धरून पाहिली, दोन बाजूला ठेवल्या. कंडक्टरचं कपाळ पूर्वीपेक्षा पिवळट झालं होतं, या वेळी तांबडा कमी लागणार होता.

"बूट काढा," ते म्हणाले.

"आँ?"

"बूट काढा. मोजेही."

"अहो, नाक बसवायला आलोय मी. पायाला काय झालंय माझ्या?"

"बघू द्या ना."

कंडक्टर पुटपुटत वाकला. "अजब कारभार आहे. नाकाचं माप पायावरून घेतात की काय आता?" त्यानं मोजे ओढून काढले आणि ओशाळून म्हणाला, "धुवायचे राहिलेत हं."

नाकवाले स्टुलावर बसले. पाय मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवला, टाच पाहिली, चवडा पाहिला, बोटं एकेक करून बाजूला केली, नखं पाहिली. मग दुसरा पाय. काही नव्हतं.

"आठ नंबर," ते म्हणाले. "तुम्ही सात घालता. म्हणून बोटं वाकडी झालीत."

आता जिना चढून येणाऱ्या प्रत्येकाला ते बूट काढायला लावतात. नर्सना ठाऊक झालं आहे, त्या पेशंटला खालूनच सांगून पाठवतात, मोजे स्वच्छ घाला. आजवर एकाच्याही पायावर काही सापडलेलं नाही. तिसरी जात कमी असते, आणि ज्यांचा पाय त्यांना हवा असतो ती माणसं नाक घ्यायला येत नाहीत, हे त्यांना माहीत आहे. डॉक्टरीणबाईनंही एकदा हळूच तसं सुचवलं. ते म्हणाले, "असू दे," आणि पुढच्या माणसाच्या नाड्या सोडायला खाली वाकले.